‘ब्लिट्झ’चे अंक रद्दीत घालू नका

महोदय,

रुसी करंजिया यांनी १ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाची आठवण निघाली की नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यापलीकडे चर्चा जात नाही. त्या काळात चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेला हे खरेच. पण शेवटच्या पानावरचे लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचे सदर १९८७ पर्यंत चालले, त्यासाठी अंक उलटा उघडणारा वाचकही होता. या साप्ताहिकाचे मोजमाप निव्वळ खपावरून करू नये. वृत्तपत्रांचा खप तपासणारा ऑडिट ब्युरो विकलेल्या प्रती मोजतो. सलूनमध्ये किंवा वाचनालयात एकच प्रत किती हातांतून गेली, ते त्यात येत नाही.

नाशिकमधील ज्या घरांत, वाचनालयांत हे अंक असतील त्यांना विनंती. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य उजेडात पिवळे पडते आणि आम्लामुळे घडीवर तुकडे पडतात. फाटलेल्या जागी सेलोटेप तर नकोच, त्याचा डिंक अक्षरांवर तेलकट डाग पाडतो. गंजलेल्या पिना ओढून न काढता मागून पाय सरळ करून काढाव्यात. सर्वांत जास्त मजकूर बायंडिंगमध्ये जातो: अशा लहान आकाराच्या वृत्तपत्राचा (टॅब्लॉइडचा) आतला समास अरुंद, त्यात बाजूने टाके घातले की शिवणीलगतचा स्तंभ स्कॅनमध्ये येतच नाही. म्हणून आधी सुट्या अंकांचे ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन करावे, बांधणी नंतर. पावसाळ्यात हे काम काढू नये.

– एक वाचक, नाशिक