फिल्म आमच्या गावाची, मग ती गावात कधी दाखवणार?

संपादक साहेब, नमस्कार.

विद्यापीठांच्या मानववंशशास्त्र विभागांच्या लॅबमध्ये अधूनमधून जाहीर व्याख्यानं होतात आणि सोबत लोकजीवनावरच्या फिल्मा दाखवतात, तिकीट वगैरे काही नसतं, कोणीही जाऊन बसू शकतं, हे आपल्या खान्देशातल्या बहुतेक लोकांना माहितीच नाही. मोठ्या शहरातल्या एका विद्यापीठात मी अशा कार्यक्रमाला जाऊन आलो, पुतण्या तिथं शिकतो म्हणून कळलं. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. या फिल्मा ज्या गावांत शूट होतात त्या गावांत त्या दाखवल्या पाहिजेत, आणि व्याख्यान पण तिथंच झालं पाहिजे.

लॅब म्हणजे एक लांबट हॉल, काचेच्या कपाटात कवट्यांचे साचे, डोकं आणि नाक मोजायची जुनी अवजारं, बाजूला टोपल्या, तीरकामठा, समोर पडदा. आधी व्याख्यान, मग पाऊण तासाची फिल्म, मग प्रश्न. व्याख्यान देणाऱ्या मॅडमनी फार छान सांगितलं. १८९८ साली हॅडन नावाचा इंग्रज संशोधक ऑस्ट्रेलियाच्या वरच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर कॅमेरा घेऊन गेला होता, इतकं हे काम जुनं आहे. मग १९२२ ची फ्लाहर्टी नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाची, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या इनुइट कुटुंबावरची फिल्म, त्यात त्या लोकांकडे तोवर बंदुका आलेल्या असूनही त्यांना भाल्यानं शिकार करायला लावली होती आणि बर्फाचं घर एका बाजूनं उघडंच ठेवलं होतं, कारण आत कॅमेऱ्याला उजेड पुरत नव्हता. हे कळल्यावर पडद्याकडं बघायची नजर बदलते, कॅमेरा कुठं ठेवला, काय गाळलं, कोणाला काय करायला सांगितलं असेल, असे प्रश्न आपोआप पडायला लागतात. म्हणून मला नुसती फिल्म नको, व्याख्यान सोबत पाहिजे.

त्या दिवशीची फिल्म नेमकी आपल्या सातपुड्यातल्या होळीची निघाली. नवस बोलून होळीत नाचणारे, अंगावर ठिपके काढलेले बुध्या, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरू, आणि ते मोठाले ढोल. काठी गावची राजवाडी होळी दरवर्षी पेपरात फोटोसकट येते, उंच बांबूचा दांडा, पहाटे पेटणारी होळी, हे आपल्याकडं सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण फोटोत येत नाहीत ते आधीचे दिवस फिल्ममध्ये होते, पाळणी पाळणारा माणूस कसा खाटेवर झोपत नाही, बायकोपासून लांब राहतो, सगळी तयारी तो किती मन लावून करतो. हॉल अगदी शांत होता. फिल्म संपल्यावर मागच्या रांगेतून धडगावकडचा पावरा जमातीचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, मॅडम, यातला एक बुध्या माझ्या मामाच्या गावचा आहे, आणि मग त्यानं सांगितलं की त्या माणसानं नवस कशासाठी केला होता, आता तो थकला म्हणून त्याचा मुलगा बुध्या होतो, तो ढोल कोणाच्या घरचा आहे आणि एरवी कुठं ठेवतात. मॅडमनी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. शूटिंग करून, एडिटिंग करून, शहरात दाखवून झालं तरी यातलं काहीच फिल्म करणाऱ्यांकडं नव्हतं, आणि ते मिळालं कारण योगायोगानं त्या मुलाला त्याच कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालेली होती. तीच फिल्म त्याच्या मामाच्या गावात लावली असती तर अर्धं गाव बोललं असतं.

हे काही मी नवीन सांगत नाही. ज्यां रूश म्हणून फ्रान्सचे मोठे फिल्मकार आणि मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीवरच्या पाणघोड्याच्या शिकारीवर फिल्म केली होती आणि १९५४ साली ती परत त्याच शिकाऱ्यांच्या गावात नेऊन दाखवली. पडद्यावर आपली माणसं ओळखू यायला लागली, मधल्या काळात वारलेली माणसं हलताना दिसली तसे लोक रडले. आणि मग त्यांनी चूक काढली. रूश यांनी शिकारीच्या सीनवर त्या शिकाऱ्यांचंच वाजवणं टाकलं होतं, शिकारी म्हणाले, शिकारीच्या वेळी आम्ही चिडीचूप असतो, एवढं वाजवलं तर पाणघोडा पळून जाईल. रूश यांनी ते संगीत काढून टाकलं. पुढं ते कायम याच पद्धतीनं काम करत राहिले, लोकांना दाखवायचं, त्यांचं ऐकायचं आणि मग पुढची फिल्म त्यांच्यासोबत ठरवायची. सत्तर वर्षांपूर्वी बिनविजेच्या गावात हे जमलं, आणि आज आपल्याकडं ग्रामपंचायतीत, आश्रमशाळेत, बऱ्याच हायस्कूलमध्ये प्रोजेक्टर पडून आहेत.

खान्देशाला याचा हक्क आहे असं मी म्हणतो त्याला कारण आहे. आपल्याला बघून, मोजून, लिहून जाणारे पुष्कळ झाले. इंग्रजांच्या काळात रिस्ले नावाच्या अधिकाऱ्यानं नाकाच्या मापावरून जाती-जमातींची उतरंड लावली, ती कपाटातली अवजारं त्याच काळाची आठवण आहेत. ग्रियर्सन नावाच्या इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्याच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ च्या भागात अहिराणी म्हणजे त्यांची 'खानदेशी' भिल्ल बोलींसोबत छापलेली आहे. इरावती कर्व्यांनी पश्चिम खान्देशातल्या भिल्लांचा अभ्यास केला, तो फार मोलाचा आहे, पण इंग्रजीत आहे आणि ज्यांच्यावर लिहिला त्यांच्या नातवंडांच्या हातात तो पडत नाही. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणं शंभरातले जवळपास ६९ लोक आदिवासी आहेत, भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, म्हणजे या विषयाचा एवढा मोठा प्रदेश आपल्या दारात आहे आणि त्याच्यावरची चर्चा मात्र लांबच्या एसी हॉलमध्ये, इंग्रजीत चालते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि फक्त डोंगरातलंच नाही. साक्री, नवापूरकडं मार्गशीर्षात कोकणा लोकांचा डोंगऱ्या देव बसतो तेव्हा रात्ररात्र पावरी नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, ते वाजवणारी जुनी माणसं हातावर मोजण्याइतकी राहिलीत. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांचा सण असतो, सुरतेहून मुंबईहून माणसं घरी येतात, तेव्हाची बायांची अहिराणी गाणी कोणी नीट रेकॉर्ड करून ठेवली असतील तर ती ऐकायला कुठं मिळतात? यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि कॉमेडी भरपूर आहे, लोक आवडीनं बघतात, मी पण बघतो, हाई ते आपलंच शे. पण कॅमेरा घेऊन वर्षभर एका घरात बसायचं, नांगरटीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बघत राहायचं, हे निवांत काम विद्यापीठच करू शकतं, त्यासाठी पगार, वेळ, उपकरणं त्यांच्याकडं आहेत.

माझं मागणं आहे ते विद्यापीठांनी आणि आपल्याकडच्या कॉलेजांनी मनावर घेतलं तर जड नाही. लॅबमधली व्याख्यानं चालू राहू देत, पण वर्षातून काही कार्यक्रम शहादा, तळोदा, मोलगी, धडगाव, पिंपळनेर अशा ठिकाणी बाजाराच्या दिवशी ठेवा, लोक तसेही येतात, आणि शेवटची एसटी निघायच्या आत संपवा, नाहीतर डोंगरातल्या पाड्यावरचं कोणी थांबणार नाही. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला परत येतात, त्या सुमारास ठेवलं तर खरे मालक हजर असतील. बोलणारा माणूस अहिराणी, भिली, पावरी बोलणारा असू द्या, आता आपलीच मुलं एमए, पीएचडी करतायत, त्यांना माईक द्या. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारखी १९२७ पासूनची संस्था आपल्याकडं आहे, तिथं अशी एक मालिका चालू झाली तर शहरातले लोक पण येतील.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गावाला नाही म्हणायचा हक्क पाहिजे. सगळंच कॅमेऱ्यासमोर मांडायचं नसतं, काही पूजा बाहेरच्यांनी बघू नयेत असं लोक मानतात, आणि परवानगी म्हणजे सरपंचाची सही घेऊन मोकळं होणं हे चालणार नाही, ज्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरला त्या माणसाला विचारलं पाहिजे, फिल्म तयार झाल्यावर परत एकदा दाखवून विचारलं पाहिजे, आणि त्यानं सांगितलं की हा सीन काढा तर काढला पाहिजे. फिल्मची एक कॉपी गावातल्या शाळेत राहिली पाहिजे. नर्मदेकाठची आपली मणिबेलीसारखी गावं सरदार सरोवरात बुडाली, तिथले लोक पुनर्वसनात विखुरले, त्या गावांचं जे काही शूटिंग कोणाच्या कपाटात असेल ते त्या लोकांना बघायला मिळालंच पाहिजे. जुन्या कॅसेटींना बुरशी लागते, टेप चिकटतात, त्यामुळं डिजिटल करून घ्यायचं काम लांबवू नका.

संपादक साहेब, तुमच्याकडून एक छोटी मदत हवी. तुमच्या पेपरात 'आजचे कार्यक्रम' येतात त्यात भजन, सत्कार, मेळावे सगळं असतं. विद्यापीठांची अशी जाहीर व्याख्यानं आणि फिल्मांच्या तारखा वेबसाईटवर इंग्रजीत पडलेल्या असतात, त्या मागवून घेऊन मराठीत, वेळ आणि जागेसकट, आदल्या दिवशी छापत जा. शहादा, नंदुरबारच्या आवृत्तीत तर नक्कीच. गावात शो ठेवायला कोणी विभाग तयार झाला तर आमच्या हायस्कूलचा हॉल आणि पडदा मिळवून द्यायची जबाबदारी मी घेतो, मुख्याध्यापकांशी बोलणं झालेलं आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. शहादा, जि. नंदुरबार