कॅल रिपकेनवर पण लिहा की

संपादक साहेब नमस्कार, बेसबॉलचा विषय निघाला की सगळीकडे होमरनच्याच (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) गप्पा, इनफिल्डमध्ये म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानात उभं राहून वर्षानुवर्षं बॉल अडवणाऱ्यांबद्दल कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. अमेरिकेतल्या बाल्टिमोर ओरिओल्स टीमचा कॅल रिपकेन ज्युनियर घ्या ना, उंची सहा फूट चार इंच, त्याकाळी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) म्हणजे छोटा चपळ खेळाडू असंच धरून चालायचे, तरी १९८२ मध्ये मॅनेजर अर्ल वीव्हरने त्याला तिथं उभं केलं आणि त्याच वर्षी ३० मेपासून पठ्ठ्याने एकही मॅच सोडली नाही, सलग २६३२! दुसऱ्या बेसवर रनर अंगावर घसरत येतात, रोज गुडघ्यात वाकायचं, तरी हा हजर. जुन्या काळचा खेळाडू लू गेरिग याचा सलग २१३० मॅचचा रेकॉर्ड ५६ वर्षं टिकलेला, तो ६ सप्टेंबर १९९५ ला मोडला तेव्हा मॅच बावीस मिनिटं थांबली, टाळ्या थांबेचनात. शेवटी थर्ड बेसच्या जागेवर खेळायला गेला, १९९८ ला स्वतःच सांगितलं आज मला बाहेर बसवा, तिथं ही सलग मालिका थांबली. २१ सीझन एकाच टीमकडून. एखाद्या रविवारी त्याच्यावर मोठा लेख छापाच, कात्रण जपून ठेवीन.