पाड्यांची पाऊस-नोंद आणि बियाणं बँक: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धडगाव तालुक्यात सातपुड्याच्या डोंगरातल्या आमच्या काही पाड्यांनी मिळून एक काम हातात घेतलंय. त्यासाठी मदत मागतोय, मेसेज लांब आहे पण प्लीज पूर्ण वाचा.

हवामान बदलतंय हे आमच्या भिल्ल-पावरा घरांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं पडतात, बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात, आणि नेमका तेव्हाच अवकाळी आला की सगळं फूल चिखलात सडतं. मग आमचूरचा सीझन, कैऱ्या सोलायच्या चिरायच्या उन्हात वाळत घालायच्या, एक सर जरी येऊन गेली तरी फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. वर्षातला रोख पैसा बराचसा ह्याच दिवसांत हातात येतो हो! तो बुडाला की पावसाळ्यानंतर गुजरातला ऊसतोडीला जाणं आलंच.

आणि नुकसान झालं तरी दाखवणार कसं? अतिवृष्टी धरली जाते ती महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला तर. आमच्याकडे यंत्र एका बाजूला आणि पाडा मधल्या दोन दऱ्या ओलांडून वर, डोंगरात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, त्यामुळे वर बांध फुटून माती वाहून जाते आणि तिकडे आकडा कमीच येतो. आपल्याकडे लिहिलेलं काहीच नाही, मग आपलं म्हणणं कोण ऐकणार.

म्हणून ठरवलंय की आपल्या पावसाची नोंद आपणच ठेवायची. प्रत्येक पाड्यात एक साधं पर्जन्यमापक, रोज सकाळी 8:30 ला (हवामान खातं मोजतं तीच वेळ) शाळेतली मुलं आकडा लिहितील. शेजारच्या रकान्यात म्हातारी माणसं सांगतील ते लिहायचं, मोहाला फूल कधी आलं, टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की खोलगट जागी, झरा कधी आटला. जुने ठोकताळे आता चुकतात असं तीच माणसं म्हणतात, तर कुठला चुकला आणि कुठला अजून बरोबर येतो हेसुद्धा लिहायचं, कारण पेरणी कधी करायची हे त्यावरच ठरतं.

दुसरं काम बियाण्याचं. मोर, बंटी, भादी ही आमची बारीक धान्यं उताराच्या दगडगोट्यांच्या जमिनीत येतात आणि पावसाने ओढ दिली तरी तग धरतात, पण मका आणि हायब्रीड आल्यापासून मागे पडली. काही आज्यांच्या घरी कणगीत बी अजून आहे, ते संपायच्या आत गोळा करून वाढवायचंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी असंच घरोघरचं देशी बी जमवून बियाणं बँक उभी केली, 2020 ची पद्मश्री मिळाली त्यांना. तिकडे पेरूमध्ये पिसाकजवळचे क्वेचुआ लोक ऊन वाढलं तसे बटाट्याचे जुने वाण डोंगरात आणखी वर नेऊन लावतायत. 2015 च्या पॅरिस करारातही कलम 7 मध्ये लिहिलंय की बदलत्या हवामानाशी जुळवून घेताना आदिवासींच्या ज्ञानाचा आधार घ्यावा. तो आधार आमच्या पाड्यात आहे, फक्त तो अजून कागदावर उतरलेला नाही.

तर आम्हाला हवंय काय: पर्जन्यमापकं, जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या, बी ठेवायला घट्ट झाकणाचे डबे, आवाज रेकॉर्ड करता येईल असे चालू स्थितीतले जुने मोबाईल. पैसे दिले तरी चालतील, हिशोब ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवू आणि देणाऱ्यालाही पाठवू. पण पैशापेक्षा जास्त गरज आहे ती भिली-पावरी समजणाऱ्या आणि मराठीत टाइप करू शकणाऱ्या पोरापोरींची, आणि कृषी कॉलेजच्या अशा विद्यार्थ्यांची जे चार दिवस पाड्यात राहून बियाण्याची उगवण तपासायला शिकवतील.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, नोंदी आणि बी दोन्ही ग्रामसभेच्या मालकीचं राहील. अभ्यासाला यायचं असेल तर मनापासून स्वागत आहे, पण ग्रामसभेची परवानगी घेऊन, आणि इथून बी बाहेर न्यायचं नाही. पूर्वी लोक आले, माहिती घेऊन गेले आणि परत काही कळवलंच नाही, तसं पुन्हा नको.

यंत्रं रोहिणी नक्षत्र लागायच्या आत बसली पाहिजेत, नाहीतर पहिला पाऊस नोंदीतून सुटेल आणि अख्खं वर्ष वाया जाईल. म्हणून जे जमेल ते मेच्या मध्यापर्यंत पोचवा. वस्तू धडगावपर्यंत आल्या तरी पुरे, तिथून वर आम्ही डोक्यावर नेऊ.