चित्रासमोर उभे राहण्यासाठीही शिष्यवृत्ती हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशातील कलाशिक्षणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ठिकठिकाणी निवासी सत्रे घेणाऱ्या अभ्यासक्रमांना त्यात ‘पदवी जोडलेली सहल’ म्हटले आहे. हा शेरा अन्यायाचा वाटला, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या मेन राज्यात, पोर्टलंड शहरात ‘इन्स्टिट्यूट फॉर डॉक्टोरल स्टडीज इन द व्हिज्युअल आर्ट्स’ ही संस्था आहे. चित्रकार-शिल्पकार तिथे तत्त्वज्ञान, सौंदर्यशास्त्र आणि कलासिद्धान्तात पीएचडी करतात. बराचसा अभ्यास आपापल्या घरून चालतो. अधूनमधून सगळे एकत्र जमतात, कधी इटलीत टस्कनीतल्या स्पॅनोकियाच्या जुन्या गढीत, कधी व्हेनिसला. नेमून दिलेले वाचन करूनच तिथे जायचे असते. असली सहल मी तरी पाहिलेली नाही.

स्पॅनोकियाहून सिएना जवळ आहे. तिथल्या नगरभवनात, जिथे शहराचे नऊ कारभारी बसत त्या दालनात, अँब्रोजिओ लॉरेन्झेट्टीने १३३८-३९ मध्ये सुराज्य आणि कुराज्य रंगवले. तीन भिंतींवर चित्रे, चौथीला खिडकी. न्यायदेवतेच्या तराजूतून दोर निघतात. खाली बसलेली एकोप्याची देवता ते हाती घेते आणि नागरिकांकडे सोपवते. चोवीस नागरिक तो दोर धरून रांगेने निघाले आहेत. या देवतेच्या मांडीवर चक्क सुताराचा रंधा आहे, उंचसखल सारखे करणारा. पुस्तकातल्या वीतभर छपाईत तो शोधावा लागतो. तिथे उभे राहिले की आधी रंधा दिसतो, मग बाजूच्या भिंतीवर जुलमी राजाच्या पायाशी बांधून टाकलेला न्याय दिसतो, आणि कारभाऱ्यांना ही चित्रे डोळ्यांआड करून निर्णय घेता येत नसत हे कळते. न्यायाविषयी ॲरिस्टॉटल काय म्हणतो ते वाचून आलेल्या विद्यार्थ्याला तर इथे त्या विचाराचे दोन भाग न्यायदेवतेच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले आढळतात.

न पाहताही कलेवर थोर विचार करता येतो, असे कुणी म्हणेल. खरे आहे. ग्रीक देवळावरचे आपले प्रसिद्ध चिंतन जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९३०च्या दशकात मांडले आणि ग्रीसमध्ये पाऊल ठेवले १९६२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. पण तो हायडेगर होता. चित्र काढणाऱ्या मुलाचा विचार डोळ्यांतून सुरू होतो. त्याला भिंतीचा आकार, रंगाचा थर, खिडकीतून येणारा उजेड हे सगळे लागते.

माझी खरी तक्रार पैशांबद्दल आहे. प्रत्येक सत्राला विमानाचे तिकीट, व्हिसा, राहणे. सावंतवाडीच्या किंवा अकोल्याच्या मुलीने हे कुठून आणायचे? मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार एस. एच. रझा १९५०मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४मध्ये न्यूयॉर्कला गेले ते रॉकफेलर फेलोशिपवर. दोघांनाही पाठवणारे हात परदेशी होते. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनेक घरांना आधार ठरली आहे, पण ती जागतिक क्रमवारीतल्या विद्यापीठांना बांधलेली आहे. फक्त कलेला वाहिलेल्या छोट्या संस्था त्या क्रमवारीत कशा दिसणार?

कला संचालनालयाने अशा सत्रांसाठी स्वतंत्र प्रवास-अनुदान सुरू करावे. निवड क्रमवारी पाहून न करता विद्यार्थ्याचे काम आणि त्याने केलेले वाचन पाहून करावी. परतल्यावर त्याने राज्यातल्या दोन-तीन कला महाविद्यालयांत, शक्यतो मुंबई-पुण्याबाहेर, आठवडाभर शिकवावे, एवढीच अट असावी.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सांगली