अपडेटला किती वेळ लागेल, हे आधी कळू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी मी गेली बारा वर्षे सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, पीकविमा अशी कामे माझ्याकडच्या दोन संगणकांवर होतात. त्यांतला एक २०१६ साली घेतलेला असून रोजचे काम तो आजही नीट करतो. घोडे अडते ते विंडोजच्या अपडेटच्या दिवशी, आणि तो दिवस कोणता हे आम्हाला आधी कळत नाही.

गेल्या जूनमध्ये प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली. संगणक चालू करताच आदल्या दिवशी इंटरनेटवरून उतरून पडलेले अपडेट बसू लागले आणि ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना पडद्यावर आली. २७ टक्क्यांवरचा आकडा पाऊण तास हलला नाही. पहिल्या एसटीने तांड्यावरून आलेली बारावीची मुलगी आणि तिचे वडील बाकावर बसले होते. वडील थोड्या थोड्या वेळाने उठत, पडद्याकडे पाहत आणि काही न बोलता पुन्हा बसत. दुसऱ्या संगणकापुढे आधीच रांग होती. ६४ टक्क्यांवर पुन्हा वीज गेली, यूपीएसने जेमतेम पंधरा मिनिटे तग धरला, आणि त्यानंतर मशीन चालू केले तेव्हा अर्धवट झालेले बदल मागे घेण्यातच आणखी एक तास गेला. त्या मुलीचा अर्ज रात्री साडेनऊला दुसऱ्या मशीनवरून भरला गेला.

याचे मूळ जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहे. अपडेट बसताना हजारो लहान फाइली उघडाव्या, तपासाव्या आणि बदलाव्या लागतात, काही बिघडल्यास परत फिरता यावे म्हणून जुन्या प्रतीही राखून ठेवाव्या लागतात, आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर प्रत्येक फाइलसाठी वाचणारे टोक नव्या जागी न्यावे लागते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने ही धावपळ उरत नाही. त्या प्रसंगानंतर मी जुन्या मशीनमध्ये एसएसडी बसवून घेतली. नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ आला आणि पूर्वी सारी सकाळ खाणारे अपडेट आता पंचवीस मिनिटांत आटोपते.

अपडेट नकोच, असे माझे म्हणणे मुळीच नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आलेले होते; ज्यांनी ते घेतले नव्हते तेच मुख्यतः सापडले. माझ्या मशीनवरून लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती जातात, त्यामुळे ही जोखीम मला परवडणारी नाही. पण अपडेटची धास्ती बसली की माणूस ते पुढे ढकलत राहतो आणि सुरक्षेचा हेतूच बाजूला पडतो. ओळखीचे कितीतरी केंद्रचालक असेच करतात आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

त्यात विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली, मात्र त्यापुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बहुतांशी २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे माझे चालते मशीन केवळ या अटीपायी बाद ठरते. शाळांच्या संगणक कक्षांत आणि ग्रामपंचायतींत अशी मशीने अजून वापरात आहेत, आणि नवीन घेण्याची ऐपत सर्वांची नाही.

म्हणून प्रणाली बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की अपडेट बसण्यापूर्वी या डिस्कवर त्याला साधारण किती वेळ लागेल ते पडद्यावर दाखवावे आणि वापरणाऱ्याने होकार दिल्याशिवाय, मग मध्ये वीज गेलेली असो वा नसो, ते सुरू करू नये. जिल्हा प्रशासनानेही शाळा-पंचायतींचे जुने संगणक भंगारात काढण्याआधी त्यांत एसएसडी बसवून पाहावी, आणि पुढच्या जूनमधील प्रवेशांची गर्दी सुरू होण्यापूर्वी हे काम व्हावे.

आपला विश्वासू,
एक सेवा केंद्रचालक, जि. धाराशिव