चालढकल म्हणजे आळस नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चालढकलीला सरसकट आळस म्हणणे मला पटत नाही, कारण काम टाळणारा माणूस त्या वेळी बहुधा दुसरे, सोपे काम मन लावून करत असतो (हे पत्र लिहिण्यापूर्वी मी कपाट आवरले!). टाळायची असते ती त्या कामाची धास्ती. शिवाय लागणाऱ्या वेळेचा आपला अंदाज तोकडा पडतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले होते. म्हणून ‘सवडीने करू’ असे न म्हणता अमुक वेळी, अमुक जागी बसून केवळ पहिली २५ मिनिटे काम करायचे ठरवावे आणि अंदाज बांधताना मागच्या खेपेस तशाच कामाला खरोखर किती दिवस लागले होते, ते आधी पाहावे.

– एक वाचक