पानशेतच्या स्टिरिओ स्लाइड्ससाठी स्कॅनर हवाय, हातभार लावा

नमस्कार मंडळी,

पेठेतल्या एका कुटुंबाने त्यांच्या आजोबांच्या स्टिरिओ स्लाइड्स आपल्या वाचनालयाला दिल्यात हे बऱ्याच जणांना माहितीये. ज्यांना माहिती नाही त्यांनी लहानपणीचा व्ह्यूमास्टर आठवा, तसंच पण मोठं, एकाच पुठ्ठ्याच्या फ्रेममध्ये शेजारी शेजारी दोन चित्रं, एक डाव्या डोळ्याला एक उजव्या. आजोबा शिकायला अमेरिकेत होते, येताना स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेरा घेऊन आले (मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीचा, १९४७ ला बाजारात आलेला) आणि मग इथे वारी, विसर्जन, घरची लग्नं, जे दिसेल ते काढत सुटले.

त्यातला एक खोका पानशेतच्या पुरानंतरचा आहे, म्हणजे १२ जुलै १९६१ नंतरचा. एका स्लाइडमध्ये वाड्याची भिंत पडलीये, आतला जिना नुसता लटकतोय आणि पुढे चिखलात पितळेचं पातेलं रुतलंय. साध्या फोटोत हे सगळं एकाच मातकट रंगाचं दिसतं, पुढे काय मागे काय कळत नाही. व्ह्यूअरला डोळे लावले की पातेलं उचलून घ्यावं इतकं जवळ येतं. पण काही स्लाइड्सना बुरशी लागलीये, कोडाक्रोम या कोडॅकच्या स्लाइड फिल्मचे रंग अजून मस्त आहेत, बाकीच्या फिल्म मात्र लालसर पडायला लागल्यात. आणखी एक पावसाळा असाच काढायचा नाहीये.

आता स्कॅनर कुठला, यावर कमिटीत बरीच डोकेफोड झाली. एका सभासदांनी स्वतःचा ३५ मिमीचा स्लाइड स्कॅनर देऊ केला, मनापासून आभार, पण त्यात नेहमीची ५० मिमीची चौकोनी फ्रेम जाते आणि आपली आहे १०१ मिमी लांब, ४१ मिमी रुंद. फ्रेम कापून फिल्म बाहेर काढा असंही कुणी सुचवलं, ते आम्ही करणार नाही, कारण फ्रेमवर आजोबांच्या अक्षरात तारीख नि जागा आहे आणि दोन चित्रांमधलं अंतर त्यांनी स्वतः बसवलंय. कॅमेरा, मॅक्रो लेन्स नि लाइट पॅनल लावूनही काम चांगलं होतं, नाही असं नाही, पण एकेक चित्र वेगळं काढलं की जरा तिरकं, जरा वरखाली, एक उजळ एक काळपट, आणि थ्रीडीत एवढा फरकसुद्धा डोकं दुखवतो. डावं-उजवं अदलाबदल झालं तर विचारूच नका, मागची भिंत पुढे येते.

म्हणून झाकणात फिल्मचा दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर घ्यायचं ठरलंय, दोन्ही चित्रं एकाच वेळी, एकाच सेटिंगवर. एप्सनचा व्ही ६०० स्वस्त पडतो पण त्याची फिल्मची पट्टी जेमतेम ६८ मिमी रुंद, एका वेळी दोनच स्लाइड्स. व्ही ८५० मध्ये ८ बाय १० इंच जागा असते, आठ स्लाइड्स आरामात, शिवाय दोन लेन्स, एक काचेवर ठेवलेल्या फिल्मसाठी आणि एक होल्डरमध्ये थोड्या वर उचललेल्या फिल्मसाठी. आपला पुठ्ठा जाड असल्याने फिल्म काचेला टेकत नाही, तेव्हा खाली पट्ट्या सरकवून फोकस कुठे येतो ते बघावंच लागणार. खोक्यावर ६४०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपतो ते) लिहिलेलं असतं त्याने हुरळून जाऊ नका, खरा तपशील त्याच्या निम्म्याहून कमीच मिळतो. २४०० ला स्कॅन केलं तरी एका डोळ्याला साधारण २२०० बाय २२०० पिक्सेल होतात, टीव्हीवर नि व्हीआर हेडसेटमध्ये बघायला भरपूर.

राहिली धूळ. इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसायची सोय स्कॅनरमध्ये असते पण कोडाक्रोमवर ती नीट चालत नाही, चित्रातलाच गडद भाग धूळ समजून खाते. आणि स्टिरिओत एकाच चित्रात राहिलेला ठिपका हवेत तरंगताना दिसतो, तो कॉम्प्युटरवर घाईत पुसला तर तिथे खड्डा नाहीतर टेंगूळ. त्यामुळे आधी ब्लोअरने हातानेच साफ करायचं, हेच काम खरं वेळखाऊ आहे आणि इथे शांत हाताची माणसं पाहिजेत, कॉलेजची मुलंमुली चालतील, फक्त चहा बाहेर ठेवून या. जोड्या जुळवायला स्टिरिओफोटो मेकर हे मासुजी सुतो या जपानी गृहस्थांनी केलेलं सॉफ्टवेअर आहे, ते फुकट मिळतं.

स्कॅनर, दोन हार्ड डिस्क (एक इथे, एक दुसरीकडे ठेवायला), ब्लोअर, हातमोजे, नवे खोके असं धरून बजेट सव्वा लाखाचं आहे, त्यातले ४० हजार जमलेत. १०० रुपये दिलेत तरी चालतील. आणि कुणाच्या बंद स्टुडिओत एप्सनचाच जुना व्ही ७०० किंवा व्ही ७५० स्कॅनर चालू स्थितीत पडून असेल तर सहा महिन्यांसाठी उसना द्या, म्हणजे मोठा खर्च वाचेल आणि उरलेल्या पैशात घरोघरच्या बाकी स्लाइड्सही करता येतील. घरी पूर पाहिलेले आजीआजोबा असतील तर त्यांना रविवारी सकाळी घेऊन या, व्ह्यूअर टेबलावर असतो, कुठला वाडा कुठली गल्ली हे सांगणारं माणूस आम्हाला पैशाइतकंच हवंय.

देणगी वाचनालयाच्या काउंटरवर द्या. नाव नको असेल तर नाही छापणार, पण पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, ऑडिटला लागते.